भिंतीवर रंगवलेला नंबर

माझा फोन साहेबांच्या हातात होता आणि त्या फोनमधून एक माणूस मला शिव्या देत होता.

मोखाड्याला आम्हा आशा सेविकांचं ट्रेनिंग होतं. तीसेक बायका सतरंजीवर बसलेल्या. साहेब बाहेरच्या कुठल्यातरी संस्थेकडून शिकवायला आलेले. बाळांच्या वजनावर बोलत होते. माझा फोन वाजला. मी दाबून बंद केला. परत वाजला. परत बंद केला. चौथ्यांदा वाजला तेव्हा साहेब बोलायचे थांबले. माझ्यापाशी आले आणि हात पुढं केला. शाळेत मास्तर पोराच्या मुठीतली गोटी मागतात तसा. मी फोन दिला.

“बघू तरी, कुणाचं एवढं तातडीचं काम आहे,” असं म्हणून त्यांनी स्पीकर चालू केला.

“ए ताई, भावाला कुठं लपवलंस? आमच्या पैशावर तू साड्या नेसतेस काय?”

पुढचं मी लिहीत नाही. पुढचं माझ्या अंगावर होतं. त्या साडीखालच्या अंगावर. सगळ्या बायकांनी ऐकलं. आमचं काम तपासणाऱ्या गटप्रवर्तक बाईंनी ऐकलं. चहा घेऊन आलेला माणूस ट्रे धरून दारातच उभा राहिला, त्यानंही ऐकलं.

साहेबांनी फोन लगेच बंद केला नाही. हे मी विसरत नाही. थोडा वेळ त्यांनी सगळ्यांना ऐकू दिलं. मग फोन माझ्यापुढं सतरंजीवर ठेवला आणि म्हणाले, “तुम्हा लोकांना पैसे घेताना कळतं, फेडताना कळत नाही. आधी घरचं निस्तरा, मग गावाचं आरोग्य बघा.”

मागं कुणीतरी हसलं.

मी म्हणाले, “सॉरी सर.”

कशाबद्दल सॉरी? मी कुणाचा पैसा घेतला नव्हता. कुणाला बुडवलं नव्हतं. शिव्या मी खाल्ल्या होत्या आणि माफीही मीच मागत होते. येताना जीपमध्ये शेजारची आशा माझ्या मांडीवर हात ठेवून बसली होती.  मोखाडा ते सूर्यमाळ सगळा रस्ता मला शिव्या आठवत नव्हत्या. ते ‘सॉरी’ आठवत होतं. किती पटकन निघालं तोंडातून. जसं काही जिभेवर आधीपासून ठेवलेलंच होतं.

सूर्यमाळच्या डोंगरावर आमचा पाडा आहे. चाळीस घरं, तीही लांब लांब. भात आणि नागलीवर जगणारी. माझं माहेर जव्हारकडं, दाभोसाजवळ. दहावी शिकलेली सून म्हणून मला आशा केलं. बाळंतिणी बघायच्या, पोरांची वजनं, डोस, तापाच्या गोळ्या, कुणी आजारी पडलं की दवाखान्यात पोचवायचं. त्याचं मानधन मिळतं. कधी वेळेवर, कधी नाही.

अंगणवाडीच्या भिंतीवर निळ्या रंगात माझा नंबर रंगवला आहे. वर लिहिलंय, ‘अडचणीच्या वेळी’. ज्या दिवशी रंगवला त्या दिवशी माझा नवरा काशिनाथ आमच्या पोरीला खांद्यावर घेऊन बघायला आला होता. पोरगी आकडे वाचायला शिकत होती. तिनं एकेक आकडा मोठ्यानं वाचला. आमच्या घरातल्या कुणाचं काही तोवर भिंतीवर लिहिलं गेलं नव्हतं.

घरात रेंज एकाच जागी येते. पडवीतल्या उजव्या मेढीच्या खांबापाशी. तिथं खिळ्याला कापडी पिशवी टांगलेली आणि पिशवीत फोन. वाजला की चुलीपुढून उठून पळायचं. आठ वर्षं मी तशी पळत आले. त्या फोनवर मी जीप बोलावल्यात, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावलीय, एकदा तर नर्सबाईंना विचारून विचारून बाळाची नाळ बांधली आहे. फोन वाजला की मला भीती वाटत नव्हती. कुणाला तरी मी हवी आहे, एवढंच वाटायचं.

मग रघु.

रघु माझा धाकटा भाऊ. भिवंडीला गोदामात कामाला होता. ठेकेदारानं दोन महिने पगार दिला नाही, खोलीवाला सामान बाहेर काढायला आला. सोबतच्या पोरांनी त्याला मोबाईलवरचं कर्ज देणारं एक अ‍ॅप दाखवलं. सही नको, जामीन नको. फक्त फोनमधले सगळे नंबर बघू का, एवढं विचारतात. त्यानं ‘हो’ दाबलं. पैसे पाच मिनिटांत आले. पुढं तो फेडत गेला आणि ते वाढत गेलं. एक दिवस त्यानं सिम काढून फेकलं.

हे सगळं मला नंतर कळलं. मला एवढंच कळलं की रघुचा फोन लागत नाही. आणि दोन दिवसांनी माझा वाजायला लागला.

पहिल्यांदा बाई होती. आवाज गोड. “ताई बोलताय ना? रघुनाथच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर ताई नावानं आहे.”  वाटलं, गोदामात काही पडलं त्याच्या अंगावर. मी घाईनं म्हणाले, हो हो, मी त्याची ताईच, काय झालं त्याला? मग ती सांगायला लागली. त्याला काही झालं नव्हतं म्हणून मला आधी बरंच वाटलं. देवाचे आभार मानले मी. तिला म्हणाले, निरोप देते.

दुसऱ्या दिवसापासून माणसं. दिवसाला दहा, पंधरा, वीस वेळा. दर वेळी नंबर वेगळा. कधी हिंदीत, कधी मराठीत. मराठी कशी, पुस्तकातल्यासारखी. एकदा मी म्हणाले, “माना ठावा नाय तो कठं हाय.” आमच्या घरचं बोलणं आहे ते.  पलीकडच्या माणसानं तेच वाक्य माझ्यासारखा आवाज काढून परत म्हटलं. त्याच्या मागं दोन-तीन जण हसले. खोलीभर बसले असावेत, सगळे फोन लावत. त्यानं परत म्हणायला लावलं. “बोल ना, अजून बोल. जंगलातली भाषा ऐकू दे सगळ्यांना.”

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी शाळेतल्या मराठीत बोलायला लागले. ‘मला माहीत नाही, साहेब.’ शिव्या खायच्या त्याही शुद्ध भाषेत उत्तर देऊन. मला वाटायचं, नीट बोललं तर नीट वागतील.

काशिनाथ म्हणाला, एकदा काय ते दे आणि मिटव. मी महिन्याचं मानधन पाठवलं. तास झाला नसेल, फोन आला. “शाब्बास. म्हणजे तू देऊ शकतेस.” मग जास्तच यायला लागले.

नंबर बदलायचं मनात आलं. मोखाड्याला बाजाराच्या दिवशी सिमच्या दुकानापर्यंत गेलेही. दुकानदारानं कागद मागितले. मी कागद काढले आणि परत पिशवीत ठेवले. माझा नंबर भिंतीवर होता. पाड्यातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या कार्डावर होता. जी माणसं वीटभट्टीवर जातात, घर बांधायच्या कामावर ठाण्याला जातात, त्यांच्या डोक्यात होता. त्यांना कोण सांगणार, बदलला म्हणून? मी परत आले.

मग मी ओळखीचा नसलेला नंबर कापायला लागले. आधी एखादा. मग सगळेच.

हे मी आज लिहिते आहे. तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्या पाड्याच्या खाली, रस्त्यापासून आत, कातकरी वाडी आहे. बारा झोपड्या. त्यांना जमीन नाही. पावसाळ्यात लोकांच्या शेतावर, नंतर भट्टीवर. माझ्या कामात ती वाडीही येते. तिथला लक्ष्मण आणि त्याची बायको सुमी त्या वर्षी भट्टीवरून लवकर परतले, सुमीचे दिवस भरत आले होते म्हणून. सगळे त्याला लक्ष्या म्हणतात. मीही म्हणायची. सुमीचं पोट बघून मी सांगितलं होतं, बाळ आडवं वाटतंय, घरी बाळंतपण करायचं नाही. लक्ष्मणला नंबर पाठ करून घ्यायला लावला. त्याच्याकडं फोन नव्हता. मी म्हणाले, “कुणाच्याही फोनवरून कर. फक्त कर.”

कुणाच्याही फोनवरून. हे माझेच शब्द.

मार्च संपत आला होता. आमच्याकडं तेव्हा पाण्याचे हाल सुरू होतात. सकाळपासून मी विहिरीवर दोन खेपा केल्या होत्या. तिसऱ्या खेपेला निघायच्या आधी फोन वाजला. नंबर अनोळखी होता, पण त्या दिवशी दवाखान्यातून लसीबद्दल फोन यायचा होता म्हणून उचलला. तो नक्कल करणारा माणूस होता. आवाज आता मी ओळखत होते. शिवी दिली नाही त्यानं. हळू आवाजात म्हणाला, “तुझ्या फोटोत पोरगी आहे ना, शाळेच्या ड्रेसमधली? छान आहे. तिचा फोटो आम्ही नीट करून सगळ्यांना पाठवतो. बघ, मग भाऊ कसा येतो.”

व्हॉट्सअ‍ॅपला मी तिच्यासोबतचा फोटो ठेवला होता. आश्रमशाळेत सोडताना काढलेला. ती दोन वेण्या घालून उभी. तिला अकरावं लागलं होतं.

मी फोन कापला.  फोटो काढून टाकायला गेले तर बोटं बरोबर जागी पडेनात. परत वाजला. कापला. परत. कापला. परत. कापला. चौथ्यांदा मी उचलला आणि पलीकडून काय येतंय ते ऐकायच्या आधीच ओरडायला लागले. आमच्या बोलीत ओरडले. शाळेतलं मराठी कुठं गेलं कळलं नाही. जे मला दीड महिना ऐकवलं होतं ते सगळं मी ओतलं. शेवटी म्हणाले, “माझे पोरीचा नाव काढतोस, तुझाच पोर मरो. परत फोन केलास त बघ.”

पलीकडून कुणीतरी ‘ताई’ म्हणालं होतं. मागं गाडीचा हॉर्न होता. मला ऐकू आलं होतं. पण ते लोकही मला ताईच म्हणायचे.

फोन परत वाजला नाही.

खरं सांगते, मला बरं वाटलं. हंडा घेऊन मी विहिरीवर गेले. चालताना वाटत होतं, आज एकदाची बोलले.

दोन तास झाले असतील. मी आलेलं पाणी गाळत होते. खालून रस्त्यावरची जीप चालवणारा वाघमारे वर चढून आला, धापा टाकत. तो कधी वर येत नाही. म्हणाला, मी मोखाड्याला पॅसेंजर सोडून परत आलो, वाडीपाशी बायका रडतायत, तू अजून इथंच कशी? मी म्हणाले, काय झालं? तो माझ्याकडं बघत राहिला. “मघाशी लक्ष्या माझ्याच फोनवरून, माझ्या नव्या नंबरवरून, तुझ्याशी बोलला ना? चार वेळा लावला त्यानं. मग म्हणाला, ताईशी बोलणं झालं.”

ताईशी बोलणं झालं.

मी पिशवीतला फोन काढून बघितला नाही. गरज नव्हती.

उतारावरून आम्ही पळत गेलो. सुमी झोपडीच्या दारात होती, कारण आत अंधार होता आणि सासूला दिसत नव्हतं. बाळाचा एक पाय बाहेर आला होता. मी जे काही शिकले होते त्यातलं काही मला त्या वेळी आठवत होतं, काही नाही. चादरीत घालून तिला जीपपर्यंत नेलं. वाघमारेच्या फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, ती येईपर्यंत थांबायचं नाही असं मीच ठरवलं. जव्हारच्या रस्त्याला लागलो. लक्ष्मण मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. माझ्याकडं बघत नव्हता. सुमी माझा हात आवळत होती, आणि तो हात सोडवून घ्यावा असं मला वाटत होतं, मी त्या हाताला लायक नव्हते.

वळणावळणाच्या रस्त्यात बाळ झालं. मी उलटं धरलं, पाठ चोळली, तोंड साफ केलं, फुंकर घातली. खूप वेळ करत राहिले. वाघमारेनं गाडी थांबवली नाही, पण आरशातून बघणं थांबवलं.

सुमी वाचली. जव्हारला तिला रक्त चढवलं. डॉक्टर म्हणाले, तास-दीड तास आधी आणलं असतं तर दोघंही.

बाळाला लक्ष्मणनं माझ्या ओढणीत गुंडाळून वाडीवर नेलं. मी त्या दिवशी साडीवर उन्हासाठी ओढणी घेतली होती. तो म्हणाला, देऊ का परत, धुऊन? मी नाही म्हणाले.

आठ दिवस मी वाडीवर गेले नाही. जायचं होतं. बाळंतिणीला बघायला जाणं माझं कामच आहे. पडवीत बसून राहायची. फोन वाजायचा, तेच लोक. मी बघायची पण नाही. काशिनाथला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “मंग त्यांना सांग.”

नवव्या दिवशी गेले. सुमी भिंतीला टेकून बसली होती. तिची सासू नागली निवडत होती. लक्ष्मण कुडाची काठी बांधत होता. मी जमिनीवर बसले. मी मनात जुळवून गेले होते, की असे असे फोन येतात, असा असा माणूस होता. तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही त्यातलं. मी म्हणाले, लक्ष्मण, त्या दिवशी तू फोन केलास, ती मी होते.

“माहीत हाय. तुझाच आवाज होता.”

मी विचारलं, मग परत का केला नाहीस? मी कितीही ओरडले असले, तरी परत का केला नाहीस?

त्यानं काठी खाली ठेवली. “तू लय चिडलेली होतीस. मना वाटला, आता परत केला त आजून चिडशील. आमाला सगळीच अशी बोलतां. मना वाटला, काय त चुकला आसल माझा.”

काय त चुकला आसल माझा.

सतरंजीवर बसून मी ‘सॉरी सर’ म्हणाले होते. हा माणूस बायको घरात ओरडत असताना, माझ्या तोंडून स्वतःच्या पोराला मरणाचा शाप ऐकून, मान खाली घालून फोन परत देतो आणि ड्रायव्हरला सांगतो, ताईशी बोलणं झालं. माझी लाज झाकली त्यानं. आणि झोपडीकडं परत चालत गेला.

मला तोवर वाटत होतं की मला त्रास देणारे ते आणि त्रास सोसणारी मी, एवढीच गोष्ट आहे. त्या खोलीतल्या माणसानं मला दिलं ते मी खाली आणून ज्याच्या खाली कुणीच नव्हतं त्याच्या अंगावर टाकलं होतं. आणि त्यानं ते घेतलं, कारण त्याला सवय होती. मी पण त्याला लक्ष्याच म्हणायची ना.

म्हातारीनं सूप बाजूला केलं. “बाय, पोर मरो असा का बोललीस?” रागानं नाही विचारलं. खरंच तिला जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं सगळं. रघुचं, फोनचं, माझ्या पोरीच्या फोटोचं. म्हातारीला अ‍ॅप काय ते कळलं नाही. पोरीचं कळलं. तिनं मान हलवली.

सुमी पहिल्यांदा बोलली. “पोरगी होती,” म्हणाली.

मला माहीत होतं. मीच तिला हातात घेतलं होतं. तरी मी म्हणाले, हो.

मग फॉर्म आला. बाळ गेलं की आम्हाला फॉर्म भरावा लागतो. आईचं नाव, वय, कितवं बाळंतपण, दवाखान्यात पोचायला उशीर झाला का, झाला तर कारण. अंगणवाडीत बसून मी भरत होते. गटप्रवर्तक बाई तपासायला आल्या होत्या. त्या वाईट नाहीत. ट्रेनिंगनंतर त्यांनीच मला बाजूला घेऊन पाणी दिलं होतं. कारणाच्या रकान्यापाशी मी थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, “लिही, घरच्यांनी उशिरा कळवलं. सगळे तेच लिहितात. कातकरी वाडीतलं आहे, कुणी विचारायला येत नाही. तुझ्या भल्याचं सांगते.”

त्यांनी पेनाचं टोक रकान्यावर ठेवून दाखवलं. इथं.

मी पेन घेतलं आणि लिहिलं: वडील लक्ष्मण यांनी दुपारी चार वेळा फोन केला. तीन वेळा मी कापला. चौथ्यांदा न ऐकता बोलून बंद केला. कर्जवसुलीचे धमकीचे फोन सतत येत असल्यामुळे मी अनोळखी फोन घेत नव्हते. कळवण्यात घरच्यांकडून उशीर झालेला नाही. खाली सही केली. रकाना लहान होता, अक्षरं बाहेर गेली.

बाईंनी वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. “तुझं काम जाईल गं,” एवढंच म्हणाल्या.

त्याच दुपारी त्या माणसाचा फोन आला. मी उचलला. त्यानं सुरुवात केली, मी होऊ दिली. त्याचं संपल्यावर मी माझ्या बोलीत म्हणाले, “तुझा नाव काय?”

मी बोलत राहिले.

“माझा नाव तुझेपुढं लिवलेला हाय. माझा नंबर हाय, गाव हाय, माझे पोरीचा तोंड तुझेकडं हाय. तुझा नाव सांग. मी कागद लिवाला बसलीय, त्यात टाकाचा हाय.”

माझी नक्कल त्यानं केली नाही. मागं कुणी हसलं नाही. फोन त्यानं ठेवला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या बाजूनं.

एका फोननं ते संपले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरा होता. पण आता मी प्रत्येक फोन रेकॉर्ड करत होते आणि वहीत लिहीत होते, दिवस, वेळ, नंबर, तो काय बोलला ते जसंच्या तसं. शिव्यासुद्धा. आधी हात धजत नव्हता. मग वाटलं, त्यांच्या तोंडाला लाज नाही तर माझ्या पेनाला कशाला?

रघुला त्याच्या मित्राकडून निरोप पाठवला, ये. तो आला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. पडवीत बसला आणि मेढीवरच्या पिशवीकडं बघत राहिला. मी त्याला सांगितलं, कर्ज घेतलंस त्याची मला लाज नाही. उपाशी होतास, खोलीवाला बाहेर काढत होता, मला सांगायला तोंड नव्हतं, समजलं. पण मला त्यांच्या हातात देऊन तू पळालास. मग मी त्याला सुमीच्या पोरीचं सांगितलं. तो खूप रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. त्याला समजवायचं बळ माझ्यात राहिलेलं नव्हतं. रडून झाल्यावर त्याला उठवलं आणि पोलीस ठाण्यात नेलं. अर्ज त्याच्या नावानं एक, माझ्या नावानं एक. दुपारभर बसलो. शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय उठलो नाही. खरं घेतलं तेवढं तो फेडेल. त्यांनी मनानं वाढवलेलं फेडणार नाही.

फोन आता कमी झालेत. बंद झाले असं मी म्हणत नाही.

अनोळखी नंबर मी आता कापत नाही. एकही नाही. उचलते, आधी गप्प राहते, पलीकडचं पूर्ण ऐकते. कधी शिवी येते, ती वहीत जाते. कधी कुणाच्या तरी पोराला ताप असतो. सुमीच्या घरी मी दर आठवड्याला जाते. ती माझ्याशी फार बोलत नाही. बोलावंच असं माझं म्हणणं नाही.

मागच्या आठवड्यात मला वरून बोलावणं आलं. खुलासा द्या, म्हणून. एका टेबलापलीकडं बसलेल्या माणसानं माझ्यापुढं कोरा फॉर्म सरकवला. म्हणाले, आधीचा नीट भरला गेलेला नाही, रकान्याबाहेर गेलाय. हा नवा घ्या, दोन ओळींत लिहा, सही करा, विषय संपेल. दोन ओळी कुठल्या तेही त्यांनी सांगितलं. गटप्रवर्तक बाईंनी सांगितल्या होत्या त्याच.

मी फॉर्म परत सरकवला.  मी म्हणाले, जुना आहे तोच खरा आहे.

ते म्हणाले, विचार करा. आठ दिवस देतो.

विचार झालेला आहे. मला काढलं तर काढू देत. भिंतीवरचा नंबर पुसला तर पुसू देत. मी मजुरीला जाईन, तेही काम मला येतं. माझ्यावर जे ठेवायचं ते माझ्या नावानं ठेवा, त्या खोलीतल्या माणसांवर जे ठेवायचं ते त्यांच्या नावानं ठेवा. पण लक्ष्मणवर ते माझ्या हातानं कुणी ठेवून घेणार नाही.

त्यानं वेळेवर कळवलं होतं.